हरवलेल्या शेअरवेअर खेळांचा शोध : इंटरनेट आर्काइव्ह आणि डिस्कमास्टर यांचे परीक्षण

मराठी वाचक इंटरनेट आर्काइव्हला ओळखतो तो मुख्यतः जुन्या, बाजारात न मिळणाऱ्या पुस्तकांसाठी. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू केलेल्या या संस्थेचा सॉफ्टवेअर विभाग आपल्याकडे फारसा कोणी उघडून पाहत नाही, आणि त्या विभागातील फाइलींचा शोध घेणारी डिस्कमास्टर ही सेवा तर त्याहून कमी लोकांना ठाऊक आहे. डॉस आणि विंडोज ३.१ या जुन्या संगणकप्रणालींच्या काळातले छोटे खेळ शोधण्यासाठी मी या दोन्ही सेवा सातत्याने वापरत आलो आहे आणि हे परीक्षण त्या वापरावरच आधारलेले आहे. माझे मत आधीच सांगतो : हरवलेला शेअरवेअर किंवा फ्रीवेअर (पूर्णपणे मोफत) खेळ शोधायचा असेल तर आज यांच्या तोडीचे दुसरे साधन नाही. मात्र खेळ सापडणे वेगळे आणि तो पूर्ण जपला जाणे वेगळे; या दोहोंतले अंतर दोन्ही सेवांना अजून भरून काढता आलेले नाही. त्याचे कारण त्यांच्या कामातील ढिलाईपेक्षा शेअरवेअरच्या व्यवहारात अधिक आहे, म्हणून तो व्यवहार आधी समजून घ्यायला हवा.

संगणकाचा कार्यक्रम मोफत वाटायचा, आवडला तर लेखकाला पैसे पाठवा अशी विनंती त्यातच लिहून ठेवायची, ही शेअरवेअरची पद्धत अमेरिकेत १९८२ च्या सुमारास अँड्र्यू फ्लूगेलमन आणि जिम नॉफ यांनी रूढ केली. त्यांचे कार्यक्रम कामाचे होते, पण खेळांच्या बाबतीत निव्वळ विनंतीवर पैसे येत नाहीत असा अनुभव अनेकांना आला. अपॉजी कंपनीच्या स्कॉट मिलर यांनी १९८७ मध्ये ‘किंगडम ऑफ क्रोझ’ या खेळापासून वेगळी वाट धरली. खेळाचा पहिला भाग कोणीही घ्यावा, कोणालाही द्यावा. पुढचे भाग हवे असतील तर पैसे पाठवावेत, मग फ्लॉपी टपालाने घरी येईल. ‘कमांडर कीन’ डिसेंबर १९९० मध्ये याच पद्धतीने आला, ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ मे १९९२ मध्ये आला, आणि १० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’चा पहिला भाग विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर चढवला गेला. याचा परिणाम असा झाला की प्रत्येक खेळाचा पहिला भाग ठिकठिकाणच्या हजारो यंत्रांवर जाऊन बसला, तर उरलेले भाग फक्त पैसे पाठवणाऱ्यांच्या टेबलाच्या खणात राहिले. पुढे ‘डूम’ जगभर विकला गेल्यामुळे त्याला काही झाले नाही. पण ज्या लेखकाच्या खेळाची उरलेली आवृत्ती मोजक्याच लोकांनी मागवली, त्याच्या खेळाचा तो भाग त्या मोजक्या फ्लॉप्यांबरोबरच संपण्याची शक्यता असते.

मोफत फिरणारा पहिला भाग तरी कसा टिकला, हा प्रश्न रंजक आहे. त्या काळी या फाइली दूरध्वनीवरून जोडल्या जाणाऱ्या, बुलेटिन बोर्ड नावाच्या संगणकांवर असत, तसेच विद्यापीठांच्या सर्व्हरवर असत. फिनलंडमधील वासा विद्यापीठाचा ‘गार्बो’ हा संग्रह आणि अमेरिकेतील ‘सिमटेल’ हे त्यांतले सर्वांत मोठे. हे सर्व्हर पुढे एकेक करून बंद झाले. सिमटेल २०१३ मध्ये थांबला. पण १९९१ पासून कॅलिफोर्नियातील वॉलनट क्रीक सीडीरॉम या कंपनीने हेच संग्रह सीडीवर छापून विकायला सुरुवात केली होती. एका सीडीवर सुमारे ६५० मेगाबाइट, म्हणजे साडेचारशेच्या आसपास फ्लॉप्यांचा ऐवज मावत असे. अनेक बुलेटिन बोर्डांचे चालक ती सीडी विकत घेऊन थेट आपल्या संगणकाला जोडत आणि सभासदांना खुली करत. दुसऱ्या अनेक प्रकाशकांनीही अशाच ‘हजार खेळ एका सीडीत’ छापाच्या सीडी काढल्या. त्यांची निवड बेपर्वा असे, मांडणी गचाळ असे, पण हाती लागेल ते सर्व त्यांनी भरले हेच आज आपल्या पथ्यावर पडले आहे. चोखंदळ संपादकाने वगळले असते असे शेकडो खेळ केवळ त्या सीडींमुळे उरले आहेत. टेक्स्टफाइल्स हे संकेतस्थळ चालवणारे जेसन स्कॉट यांनी या सीडी वर्षानुवर्षे गोळा केल्या, त्यांच्या इमेज (संपूर्ण सीडीच्या हुबेहूब प्रती) लोकांसाठी खुल्या केल्या, आणि २०११ पासून ते इंटरनेट आर्काइव्हमध्येच हे काम करत आहेत.

आता प्रत्यक्ष सेवेकडे वळू. आर्काइव्हवर एखादी शेअरवेअर सीडी सापडणे सोपे आहे. पण त्या सीडीच्या आतल्या हजारो झिप फाइलींपैकी नेमकी आपल्याला हवी ती शोधणे आर्काइव्हच्या स्वतःच्या शोधपेटीतून जवळजवळ अशक्य आहे, कारण ती पेटी सीडीचे नाव आणि वर्णन पाहते, आतला मजकूर पाहत नाही. ही उणीव डिस्कमास्टरने भरून काढली. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती सुरू झाली तेव्हाच तिच्यात ९ कोटींहून अधिक फाइली होत्या. ज्यांनी ती घडवली त्या प्रोग्रामरांनी आपली नावे जाहीर केलेली नाहीत. जेसन स्कॉट यांनी तिला आपल्या संकेतस्थळावर जागा दिली आहे. आर्काइव्हवर लोकांनी चढवलेल्या सीडी उघडायच्या, त्यांतल्या झिप आणि त्यांसारख्या जुन्या गाठोड्यांच्या फाइली उघडायच्या, त्यांच्या आत आणखी गाठोडे असेल तर तेही उघडायचे, आणि शेवटी हाती येणाऱ्या प्रत्येक फाइलीची नोंद करायची, असे ते काम आहे. शिवाय आज कोणत्याही संगणकावर सहज न उघडणारी चित्रे, ध्वनी आणि दस्तऐवज ब्राउझरमध्ये दिसतील, ऐकू येतील अशा स्वरूपात बदलून ठेवलेले आहेत. फाइलीचे नाव, प्रकार, आकार, तारीख किंवा आतला मजकूर यांपैकी कशावरूनही शोध घेता येतो.

मजकुरावरून शोध घेता येणे ही या सेवेची सर्वांत मोलाची देणगी आहे. लहानपणी खेळलेल्या खेळाचे नाव बहुतेकांना आठवत नाही. आठवते ते एखादे दृश्य, एखादा शत्रू, पडद्यावर येणारे एखादे वाक्य. त्या काळच्या झिप फाइलीत खेळासोबत एक छोटी वर्णनाची फाइल असे, जिच्यात बुलेटिन बोर्डावर दाखवण्यासाठी चार-आठ ओळींत खेळाची ओळख लिहिलेली असे. त्याखेरीज रीडमी, म्हणजे सूचनांची फाइल असे, आणि पैसे पाठवण्याचा छापील अर्ज असे. खेळाच्या चित्रांत शोध घेता येत नसला तरी या तीन फाइलींतल्या शब्दांत घेता येतो. माझा सल्ला असा की खेळाच्या नावाचा अंदाज बांधण्यात वेळ घालवू नये. लेखकाने स्वतःच्या खेळाचे वर्णन करताना कोणते इंग्रजी शब्द वापरले असतील याचा विचार करावा, आणि शोध मजकुराच्या फाइलींपुरता मर्यादित ठेवून तारखेची चौकट घालावी. डॉसमध्ये फाइलीच्या नावाला आठच अक्षरांची मुभा असल्यामुळे आणि बोर्डांचे चालक आपल्या सोयीने नावे बदलत असल्यामुळे नावावरून घेतलेला शोध फसण्याचीच शक्यता जास्त.

‘स्कायरोड्स’चे उदाहरण घेऊ. अवकाशात तरंगणाऱ्या रस्त्यावरून यान धावते, मध्ये खड्डे आणि बोगदे येतात, उडी चुकली की यान खाली जाते, असा हा १९९३ चा खेळ एस्टोनियातील ब्लूमून या छोट्या गटाने केला होता. याच गटातील मंडळींनी पुढे काझा आणि स्काइप घडवले. हा खेळ हरवलेला नाही. लेखकांनी तो केव्हाच मोफत केला आहे. पण शोधाची रीत पारखायला तो उत्तम आहे, कारण तो निरनिराळ्या सीडींवर, निरनिराळ्या फोल्डरांत, थोड्या थोड्या फरकाने पडलेला दिसतो. अशा वेळी फाइलींचे आकार आणि तारखा शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. काही गाठोड्यांत बोर्डाच्या चालकाने स्वतःच्या जाहिरातीची फाइल घुसडलेली असते, काहींत एखादी फाइल गळालेली असते. मूळ लेखकाने सोडलेले गाठोडे कोणते, हे डिस्कमास्टर सांगत नाही. तिच्याकडून ती अपेक्षाही नाही. पण नवख्या माणसाला हे ठाऊक नसते आणि पहिली दिसेल ती फाइल उतरवून घेऊन तो समाधान मानतो.

आवृत्तीचा प्रश्न किरकोळ वाटू शकतो, म्हणून ‘डूम’चेच एक उदाहरण देतो. त्याच्या पहिल्या भागातील चौथ्या टप्प्यात सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये नाझी स्वस्तिकाच्या आकाराची एक रचना होती, आवृत्ती १.४ पासून ती बदलण्यात आली. आज कोणी फक्त १.९ ही शेवटची आवृत्ती जपली तर त्या बदलाचा मागमूस उरणार नाही. एकाच शेअरवेअर खेळाच्या चार आवृत्त्या चार वर्षांच्या चार सीडींवर असणे हा पसारा नसून पुरावा आहे, आणि आर्काइव्हने सीडी जशीच्या तशी, संपूर्ण ठेवण्याचा आग्रह धरला हे म्हणूनच फार योग्य झाले. केवळ ‘चांगले खेळ’ वेचून ठेवणाऱ्या अनेक संकेतस्थळांपेक्षा मला ही पद्धत श्रेष्ठ वाटते.

सापडलेला खेळ तिथल्या तिथे खेळून पाहता येतो, ही आर्काइव्हची सर्वांत गाजलेली सोय. २०१३ मध्ये ब्राउझरमध्ये चालणाऱ्या एम्युलेटरांची (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या कार्यक्रमांची) सुरुवात झाली, जानेवारी २०१५ मध्ये डॉसचे सुमारे २४०० खेळ खुले झाले, फेब्रुवारी २०१६ मध्ये विंडोज ३.१ चा संग्रह आला आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये डॉसच्या आणखी २५०० खेळांची भर पडली. ही शेवटची भर एक्सोडॉस या प्रकल्पातून आली, ज्याच्या संग्रहात आज ७००० हून अधिक डॉस खेळ आहेत. डॉसच्या खेळांमागे २००२ पासून विकसित होत असलेला डॉसबॉक्स हा मुक्त एम्युलेटर आहे. ओळख पटवण्यासाठी ही सोय अप्रतिम आहे. ‘हाच का तो?’ या प्रश्नाचे उत्तर दोन मिनिटांत मिळते, काही बसवावे लागत नाही, आणि आपल्या संगणकाला जुन्या विषाणूचा धोकाही पोचत नाही.

खेळ मनापासून खेळायचा असेल तर मात्र ब्राउझर पुरेसा नाही. आवाज अधूनमधून तुटतो. पूर्ण पडद्यावर खेळताना एस्केप कळ दाबली की ब्राउझर पूर्ण पडद्यातून बाहेर येतो, आणि डॉसच्या बहुतेक खेळांत मेनू उघडण्याची कळ तीच असते. सर्वांत मोठी अडचण म्हणजे खेळ मध्येच साठवून ठेवला तरी पान बंद करताच तो पुसला जातो. ‘कॅसल ऑफ द विंड्स’सारखा, दिवसेंदिवस भुयारे धुंडाळण्याचा खेळ अशा रीतीने पूर्ण करणे शक्य नाही. म्हणून फाइल उतरवून स्वतःच्या संगणकावर डॉसबॉक्समध्ये चालवावी, हेच उत्तम; विंडोज ३.१ चा खेळ असेल तर डॉसबॉक्समध्ये आधी ती विंडोज बसवावी लागते. त्यात आणखी एक फायदा आहे : संगणकाचा वेग कमी-अधिक करता येतो. टर्बो पास्कल या प्रोग्रामिंगच्या साधनात लिहिलेले कितीतरी शेअरवेअर खेळ वेगवान प्रोसेसरवर सुरू होतानाच ‘रनटाइम एरर २००’ दाखवून बंद पडतात, कारण सुरुवातीला यंत्राचा वेग मोजणाऱ्या भागाकाराचे उत्तर त्याच्यासाठी राखलेल्या जागेत मावत नाही. फाइल खराब आहे असे समजून लोक ती टाकून देतात. वेग उतरवला की तोच खेळ निमूटपणे चालतो.

‘कॅसल ऑफ द विंड्स’चा उल्लेख आलाच आहे, तर उरलेल्या भागांच्या प्रश्नाकडे वळतो. हा विंडोज ३.१ साठीचा खेळ दोन भागांत होता. पहिला शेअरवेअर, दुसरा पैसे भरून मिळणारा. त्याचे लेखक रिक साडा यांनी पुढे दोन्ही भाग मोफत वाटायला परवानगी दिली, म्हणूनच आज तो संपूर्ण मिळतो. ‘क्रोझ’ मालिकेचेही तसेच झाले. मार्च २००९ मध्ये अपॉजीने ती मोफत केली आणि तिचा सोर्स कोडही (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) खुला केला. याउलट टिम स्वीनी यांच्या १९९१ च्या ‘झेडझेडटी’ या खेळाचा सोर्स कोड हार्ड डिस्क बिघडल्यामुळे नष्ट झाला होता. २०२० मध्ये एका प्रोग्रामरने मूळ कार्यक्रमाचे बारकाईने विश्लेषण करून तो पुन्हा उभा केला आणि स्वीनी यांच्या संमतीने प्रसिद्ध केला. या तिन्ही ठिकाणी लेखक हयात होते, त्यांच्यापर्यंत पोचता आले आणि त्यांनी मन मोठे केले. अर्जावर टपालपेटीचा क्रमांक आणि गावाचे नाव एवढाच पत्ता असलेल्या लेखकाचे काय, हा प्रश्न उरतोच. डिस्कमास्टरमध्ये असे अर्ज शेकड्यांनी दिसतात. अमुक डॉलर पाठवा, पुढचे तीन भाग मिळवा. आणि ते तीन भाग कुठल्याच सीडीवर नाहीत. माझ्या मते या सेवेने अशा अपूर्ण खेळांची नोंद ठेवण्याची सोय करायला हवी. काय सापडले याची यादी तयार आहे, पण काय सापडायचे राहिले याची यादी असेल तर ज्यांच्या खणात ती फ्लॉपी पडून आहे त्यांना तिचे मोल कळेल.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातील फ्रीवेअरची कथा थोडी वेगळी आहे. तोवर लेखकांनी स्वतःची पाने काढायला सुरुवात केली होती, त्यांतली पुष्कळ जिओसिटीज या मोफत पाने ठेवू देणाऱ्या सेवेवर होती, आणि जिओसिटीज २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद झाले. स्वयंसेवकांच्या आर्काइव्ह टीमने त्यातला मोठा भाग बंद होण्याआधी उतरवून घेतला. आर्काइव्हच्या, जुनी वेबपाने जपणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये लेखकाचे पान सापडते, खेळाचे चित्र सापडते, आणि डाउनलोडवर टिचकी मारली की बरेचदा काहीच मिळत नाही, कारण पान जपले गेले पण झिप फाइल जपली गेली नाही. तरीही ते पान निरुपयोगी नसते. त्यावरून फाइलीचे नेमके नाव आणि आवृत्ती कळते, आणि तेवढ्यावर डिस्कमास्टरमध्ये तीच फाइल एखाद्या मासिकाच्या सीडीवर सापडू शकते. दोन्ही सेवा अशा जोडीने वापरल्या तरच त्यांचा खरा उपयोग होतो.

दोष सांगायचे तर सर्वांत मोठा दोष नोंदींचा आहे. आर्काइव्हवर कोणीही काहीही चढवू शकतो, त्यामुळे सीडीची वर्षे चुकीची असतात, प्रकाशकाची नावे नसतात, आणि एकच सीडी निरनिराळ्या नावांनी चढवलेली आढळते. दुसरा दोष म्हणजे सगळा भार एकाच संस्थेच्या खांद्यावर आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आर्काइव्हवर मोठा सायबर हल्ला झाला, ३ कोटींहून अधिक खात्यांची माहिती फुटली आणि सेवा काही दिवस बंद राहिली. त्याच्या आधीच्याच महिन्यात पुस्तकांच्या डिजिटल प्रतींवरून प्रकाशकांनी भरलेल्या खटल्यात संस्थेच्या विरोधात अपिलाचा निकाल लागला होता. त्या काळात ज्यांच्याकडे स्वतःची प्रत होती त्यांचेच काम चालू राहिले. म्हणून सापडलेली फाइल उतरवून घ्यावी, तिचा चेकसम (फाइल बदलली नाही ना हे तपासण्याचा, तिच्यावरूनच काढलेला आकडा) नोंदवून ठेवावा, ती कोणत्या सीडीवर आणि कोणत्या फोल्डरात मिळाली हेही लिहून ठेवावे. कायद्याच्या बाजूने पाहता शेअरवेअरचा मोफत भाग बऱ्यापैकी निर्धोक आहे, कारण त्याच्या प्रती वाटण्याची मुभा लेखकांनी स्वतःच रीडमीत दिलेली असते. पैसे भरून मिळणाऱ्या भागाला ही मुभा नाही आणि खेळ बाजारातून गेला म्हणून ती आपोआप मिळतही नाही.

आपल्याकडच्या वाचकांसाठी शेवटी एक महत्त्वाची गोष्ट. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणि त्यानंतर पीसीक्वेस्ट, चिप आणि पुढे डिजिट या मासिकांसोबत सीडी मिळत. इंटरनेटचा वेग यथातथाच असलेल्या त्या काळात पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत शेअरवेअर पोचले ते पुष्कळ अंशी या सीडींमधून. अमेरिकी आणि युरोपीय मासिकांच्या सीडींच्या तुलनेत भारतीय सीडींचे जतन फारच तोकडे आहे, आणि आपल्याकडचा पावसाळा कोणासाठी थांबत नाही. दमट हवेत फ्लॉपीच्या चकतीवर बुरशी धरते आणि अशी फ्लॉपी यंत्रात घातली तर वाचणारे हेडही खराब होते. घरात अशा सीडी असतील तर आतल्या निवडक फाइली उतरवून न घेता संपूर्ण सीडीची आयएसओ इमेज करावी, वरचे छापील चित्र आणि पाकीट स्कॅन करावे, मासिकाचा महिना आणि वर्ष स्पष्ट लिहावे, आणि मगच ती आर्काइव्हवर चढवावी. बुरशी आलेली फ्लॉपी थेट यंत्रात घालू नये. ती जाणकाराकडून स्वच्छ करून घेऊन ग्रीझविझलसारख्या, चुंबकीय खुणा जशाच्या तशा टिपणाऱ्या उपकरणाने वाचून घ्यावी. डिस्कमास्टरचा साठा अशाच चढवलेल्या सीडींतून उभा राहिला आहे, तेव्हा नाव आणि महिना नीट लिहिलेली एक भारतीय सीडीसुद्धा शोध घेणाऱ्याच्या कामी येईल.